भरतीला विनवणी

“निर्दय म्हटलं तर?”

“दगड निर्दय असतो का रे?”

“नाही…”

“मग नाही चालणार. दुसरा सांग.”

“निष्ठुर.”

“निष्ठुर व्हायला आधी मन लागतं, त्रिंबका. मन आहे आणि ते मुद्दाम घट्ट केलंय, तो निष्ठुर. दुसरा.”

“अटळ?”

“त्यात विनवणारा कुठाय? सूर्य उगवणं अटळ आहे. पण त्याला हात जोडून कोण सांगतंय, बाबा उगवू नकोस म्हणून?”

त्रिंबक रेडीजांनी एसटीत दोन तास मनाशी घोळवलेले तिन्ही शब्द बुवांनी पापड मोडावेत तसे मोडून बाजूला ठेवले होते.

आता हे त्रिंबक रेडीज म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत हं. तालुक्याच्या कॉलेजात उभी हयात इंग्रजी शिकवलेले प्रोफेसर. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुका लढवतात. ह्यांनी इंग्रजी-मराठी कोश करायला घेतला. तोही एकट्यानं. कुणी म्हणालं, सर, मदतीला चार माणसं घ्या, तर म्हणाले, माणसं घेतली की त्यांच्या चुकाही घ्याव्या लागतात. असा सगळा ताठा! पण एखादा शब्द अडला रे अडला, की हाच ताठ माणूस झोळी खांद्याला लावायचा, एसटी पकडायचा, आणि खाडीच्या तोंडाशी उंडीच्या झाडांखाली जी एक लहानशी मठी आहे, तिथं दाजीबुवांसमोर येऊन मांडी घालून बसायचा.

दाजीबुवा त्यांचे शाळेतले गुरुजी. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही शिकवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. एके दिवशी शाळेत राजीनामा दिला आणि ह्या मठीत येऊन राहिले ते राहिलेच. लोकांनी गुरुजींचे बुवा केले. आता ऐंशी उलटली होती. दात गेले होते, जीभ मात्र होती तशीच होती.

आजचा अडलेला शब्द होता इनेक्सोरेबल.

“मूळ लॅटिन आहे, बुवा,” त्रिंबकराव म्हणाले. शिकवायला लागले की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा. “विनवणं, प्रार्थना करणं, ह्यावरून आलाय. कितीही विनवलं तरी जे वळत नाही, ते. काळाला लावतात. मृत्यूला लावतात. भरतीच्या पाण्याला लावतात. समोर एक माणूस उभा राहून रडतोय हे ज्यांच्या गावीही नसतं, अशा गोष्टींना.”

“माणसाला नाही लावत?”

“लावतात की.” त्रिंबकराव गालातल्या गालात हसले. “मला लावायचे. वर्गातली पोरं मागून म्हणायची, इनेक्सोरेबल रेडीज आले, पळा! थोडक्यात नापास झालेला पोरगा बापाला घेऊन यायचा. आई यायची, पदर डोळ्यांना लावायची. पण पेपर एकदा तपासला की तपासला. साक्षात देव आला असता तरी अर्धा मार्क वाढवला नसता मी.”

“आणि ह्याचं तुला वाईट वाटायचं?”

“वाईट? छे हो! कोशात प्रत्येक शब्दाला एक उदाहरणाचं वाक्य देतोय ना, तिथं मी स्वतःलाच घालणार आहे. नाव न घेता, अर्थात.”

बुवा उठून आत गेले आणि कोकमाचं सरबत घेऊन आले. पेला त्रिंबकरावांच्या पुढ्यात ठेवला.

“कुमुद कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे.”

“आज रडली का?”

त्रिंबकराव दचकले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या बाहीनं. इस्त्रीची घडी मोडू न देणारा माणूस तू. बाही कुणीतरी मुठीत धरलेली दिसतेय…”

त्रिंबकरावांनी बाही ओढून सारखी केली. ती काही सारखी होईना.

सकाळची गोष्ट अशी झाली होती. त्रिंबकराव निघाले आणि बायको दारात आडवी आली. कुमुदताई म्हणजे अशी बाई, की लग्न झाल्यापासून नवऱ्याकडे एक साडीसुद्धा तोंड उघडून मागितली नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, “अहो, एकदा. फक्त एकदा जा तिच्याकडे. सातवा सरत आलाय. आठवा लागला की पोरीला हलवत नाहीत. मग एकदम नववा… आणि नवव्यात काय होईल कोण सांगणार? पहिलं बाळंतपण आहे हो. ते माहेरीच व्हायला हवं.”

पोरगी म्हणजे हेमांगी. ह्या दोघांची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी त्रिंबकरावांनी एका मित्राच्या मुलासाठी तिचा शब्द दिला होता. साखरपुड्याचा दिवससुद्धा धरला होता. पोरीनं नाही म्हटलं. नाही म्हणून थांबली नाही, तर खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या रोशन चोगल्याशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. पोरगा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. स्वभावानं सोन्यासारखा, असं सगळे म्हणायचे. पण त्रिंबकरावांना पोराच्या स्वभावाचं काही पडलंच नव्हतं. त्यांचा शब्द मोडला होता. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून पोरीला सांगितलं, ह्या घराशी तुझा संबंध संपला. आणि तो शब्द मात्र मोडू दिला नाही.

आता हेमांगीनं आईकडे निरोप पाठवला होता. आई, तू बोलावतेस म्हणून चोरासारखी मागच्या दारानं नाही यायची मी. मला भाऊ नाही. तेव्हा बाबांनीच मुराळी म्हणून यावं. ते आले तर पिशवी भरून तयार असेन.

माहेरवाशिणीला न्यायला जातो तो मुराळी. घरोघरचा भाऊ जातो, बाप जातो, चारचौघांत मानानं तिला घेऊन येतो. एवढंच पोरीचं मागणं होतं.

सकाळी कुमुदताईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची बाही धरली होती. त्रिंबकरावांनी ती सोडवून घेतली आणि निघून आले.

“अट घालते, बुवा!” ते आता उसळून म्हणाले. “चूक करायची तिनं, आणि न्यायला जायचं मी! वर अट!”

“अट काय…” बुवा म्हणाले. “सरबत घे. तापलायस.”

त्रिंबकरावांनी एक घोट घेतला.

“ती येते इथं,” बुवा म्हणाले.

“कोण?” त्रिंबकरावांनी विचारलं. कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“हेमा. पलीकडून होडीनं येते. गुरुवारी. देवापुढे उदबत्ती लावते, जरा टेकते, जाते.”

“काय म्हणते?” हे जरा जास्तच घाईनं विचारलं गेलं.

“तुझ्याबद्दल अवाक्षर नाही. फक्त कोश कुठवर आला ते विचारते. मी म्हटलं, आय ह्या अक्षरापर्यंत आलाय. तर बोटांवर मोजून म्हणाली, म्हणजे नववं अक्षर आलं की हो बुवा! असा आनंद झाला तिला, की जसा काही तीच लिहितेय.”

त्रिंबकराव पेल्यात बघत राहिले.

“पाय सुजलेत पोरीचे,” बुवा हळूच म्हणाले. “होडीतून उतरताना नवरा हात धरतो.”

त्रिंबकरावांनी उरलेलं सरबत एका दमात संपवलं. लहानपणी ही पोर झोपायच्या आधी त्यांच्याकडून एक नवा इंग्रजी शब्द मागायची, गोष्ट नाही. मित्रमंडळींत ते कौतुकानं सांगायचे हे. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

“माणसाचा शब्द म्हणजे शब्द, बुवा,” ते म्हणाले. “मी एकदा नाही म्हटलं की नाही.”

“हं… इनेक्सोरेबल.”

“हो!”

बुवांनी पंचा खांद्यावर टाकला. भिंतीचा आधार घेत उठले.

“चल.”

“कुठं?”

“शब्दाकडे.”

ही बुवांची शाळेपासूनची खोड. शब्द नुसता फळ्यावर लिहून त्यांचं समाधान व्हायचंच नाही. ब्रिटल शिकवायचा होता तेव्हा एकेकाच्या हातात वाळलेली कुरडई दिली होती आणि म्हणाले होते, वाकवा. स्टिकी शिकवला तेव्हा सगळा वर्ग फणसाच्या झाडाखाली नेला होता. पोरांचे हात चिकानं असे भरले, की घरोघरी आयांनी गोडंतेल लावून ते सोडवले आणि गुरुजींच्या नावानं शंख केला. पण त्या वर्गातला एक पोरगा ते शब्द पुन्हा विसरला नाही. त्रिंबक तर नाहीच नाही. त्याला इंग्रजीचं वेड लागलं ते त्या फणसाखाली.

दुपार कलली होती. त्रिंबकरावांच्या खांद्यावर हात ठेवून बुवा हळूहळू वाळूत उतरले. भरती सुरू झाली होती. नांगरलेल्या होड्यांची तोंडं समुद्राकडे वळली होती आणि पाणी आवाज न करता आत येत होतं. पलीकडे कोळीवाड्याची घरं दिसत होती. दारांपुढे जाळी वाळत घातलेली. त्रिंबकराव तिकडे पाठ करून उभे राहिले. ह्या दोन वर्षांत ते मठीत कितीदा आले, पण एकदाही पलीकडे बघितलं नाही.

“तिकडे नव्हे, इकडे तोंड कर,” बुवा म्हणाले. “ज्याला भेटायला आलोय त्याला पाठ दाखवायची नसते.”

त्रिंबकराव वळले. पलीकडे बघायला नको म्हणून त्यांनी नजर पाण्यावर ठेवली.

बुवांनी धोतराचा सोगा खोचला. पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी भरतीला दोन्ही हात जोडले.

“बाई गं,” ते म्हणाले, “आजच्या दिवस नको येऊस. थोडी थांब.”

पाणी आलं. त्यांच्या पायांची बोटं भिजली.

“माझं ऐक. मी म्हातारा माणूस. हा माझा विद्यार्थी लांबून आलाय. ह्याच्या चपला चांगल्या आहेत, नव्या दिसतात. भिजतील बिचाऱ्याच्या.”

पाणी घोट्यापर्यंत आलं.

“बुवा…” त्रिंबकराव इकडेतिकडे बघत म्हणाले, “कुणी बघेल हो.”

“बघू दे. आई गं, तुझ्या पाया पडतो. एवढं एकदा ऐक. मागे सर.”

त्रिंबकरावांना हसू फुटलं. “अहो, भरती आहे ती! ती काय ऐकणार? तिला कान आहेत का?”

“माझी विनवणी कमी पडत असेल. तू कर.”

“मी?”

“तूच. शब्द तुझा अडलाय.”

गुरूनं सांगितलं म्हणजे करणं आलं. कॉलेजातले प्रिन्सिपलसुद्धा ज्याच्यापुढे जपून बोलायचे, तो माणूस पँट दुमडून पाण्यात उतरला. हात जोडले. घसा साफ केला.

“हे सागरा—”

“सागरा काय, मेल्या! गॅदरिंगचं नाटक बसवतोयस का? घरात कुणाला विनवशील तसं विनव.”

“मी घरात कुणाला विनवत नाही.”

“तेही खरंच म्हणा.” बुवांनी मान डोलावली. “मग कुणी तुला विनवलं असेल, तसं विनव.”

त्रिंबकराव उभे राहिले…

पाणी पिंढऱ्यांशी आलं.

आणि मग त्यांच्या तोंडून जे आलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. आवाजही त्यांचा नेहमीचा नव्हता.

“अहो… एकदा. फक्त एकदा…”

पाणी आलं तसं येत राहिलं. ते थांबलं नाही, चिडलं नाही, त्यांना झिडकारलंही नाही. त्यांच्या दोन पायांमधून सरळ पुढे गेलं. तिथं कुणी उभंच नसल्यागत गेलं.

सकाळी दारात कुमुदला कसं वाटलं असेल ते त्रिंबकरावांना तिथं पाण्यात उभं राहून कळलं. स्वतःची भारी लाज वाटली. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले आणि कुठं ठेवायचे ते सुचेना म्हणून पुन्हा जोडले.

“थांबली का?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

“कसं वाटलं?”

“…वाईट वाटलं, बुवा. फार वाईट वाटलं.” मग त्यांनी मान झटकली. “पण वाईट वाटलं म्हणून माणसानं शब्द फिरवायचा नसतो. दोन वर्षं धरून ठेवलेली गोष्ट अशी सोडून दिली तर लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणतील, वाकला रेडीज.”

“आणि?”

“आणि काय… लोकांचं जाऊ द्या. लोकांना कोण विचारतंय!” त्यांचा आवाज बसला. “मी गेलो आणि तिनं मला दारातच उभं केलं तर? मी तिला उभं केलं होतं तसं? पावसाचे दिवस होते हो, बुवा. हातात छत्री नव्हती तिच्या. मी दार लावून घेतलं होतं…”

हे त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. कुमुदलासुद्धा नाही.

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. शाळेत शब्दरूपं विसरलेल्या पोराकडे बघायचे तसंच, न रागावता.

“म्हणजे भीती वाटते तुला.”

“भीती नाही—” त्रिंबकराव म्हणाले. “…हो. वाटते.”

“तरी जा.”

“नाही जमायचं.”

“कुमुदसाठी जा.”

“नाही, बुवा.”

“पोर वाट बघतेय रे. सुजल्या पायांनी वाट बघतेय.”

“नका ना बोलू!” त्रिंबकराव जवळजवळ ओरडले. डोळ्यांत पाणी उभं होतं, पण मान ताठ ती ताठच. “काही उपयोग नाही बुवा, मला विनवून. हे जन्माचं वळण आहे. कुमुदनं विनवलं, सासूबाईंनी विनवलं, भटजींनी विनवलं. आतून काही हलतच नाही माझ्या. मी दगड झालोय. ह्या पाण्यासारखाच झालोय, असं म्हणा. मला तो शब्द लागू पडतो, खरंच लागू पडतो. तुम्ही आपलं मला मराठी प्रतिशब्द द्या आणि जाऊ द्या घरी.”

“खरंच लागू पडतो?”

“पडतो.”

“बरं.”

बुवा वळले. आता पाणी गुडघ्यांशी आलं होतं. त्यांनी पंचा कमरेला बांधला, एक हात गुडघ्यावर टेकला, आणि ते खाली वाकू लागले.

त्रिंबकरावांना आधी कळेना. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. मग त्यांनी बघितलं की बुवांचे दोन्ही हात पाण्यात गेलेत. ते त्यांचे पाय शोधत होते. ज्या हातांनी त्यांची पहिली इंग्रजी बाराखडी गिरवून घेतली, ते हात पाण्याखाली चाचपडत त्यांच्या पायांकडे येत होते.

“त्रिंबका,” बुवा म्हणाले, “एकदा. फक्त एकदा…”

“बुवा!”

त्रिंबकराव एकदम मागे सरले. असे सरले की वाळूत पाय रुतून तोल गेला आणि ते पाण्यात बसकण मारून पडले. एक चप्पल सुटून गेली. तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तसेच भिजत उठले आणि धावत येऊन त्यांनी म्हाताऱ्याला दोन्ही दंडांना धरलं.

“हे काय करताय तुम्ही! मला नरकातही जागा मिळायची नाही! उठा… उठा आधी!”

“तू हो म्हण.”

“अहो, उठा म्हणतो ना!”

“तू हो म्हण, म्हणजे उठतो. गुडघे फार दुखतायत रे माझे.”

“हो! हो! जातो मी!” त्रिंबकराव आता उघडउघड रडत होते. कुणी बघेल, ऐकेल, ह्याचं भान त्यांना राहिलं नव्हतं. “आत्ता जातो, बुवा. असाच जातो, भिजलेला. मुराळी म्हणून जातो. तिनं दारात उभं केलं तर उभा राहीन. दार लावलं तरी उभा राहीन. चोगल्याच्या आईच्या हातचं पाणी पिईन. पण तुम्ही उठा हो… तुमच्या पाया पडतो, उठा…”

त्यांनी बुवांना उचलूनच उभं केलं. म्हातारा हाडांचा नुसता सापळा. अंगावरून पाणी ओघळत होतं, आणि दोघंही थंडीनं कुडकुडत एकमेकांना धरून उभे होते. त्रिंबकरावांनी आपल्या ओल्या बाहीनं बुवांचं तोंड पुसलं. मग त्यांना आठवलं की तोंड आपलंच पुसायला हवं होतं, म्हणून तेही पुसलं. आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून खाडीपलीकडे बघितलं. कुणाच्या तरी दारात एक बाई उभी होती. ती हेमा होती की कुणी दुसरीच, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

“होडी…” ते म्हणाले. “होडी कुठं लागते?”

बुवांनी हातानं दाखवलं. मग त्याच हातानं शिष्याच्या डोक्यावरची वाळू झाडली. पाणी आता दोघांच्या मांड्यांशी आलं होतं आणि अजून येतच होतं.

बुवांनी एकवार पाण्याकडे बघितलं. मग त्रिंबकरावांकडे बघितलं. दात नसलेल्या तोंडानं हसले.

“पाणी नाही हटलं, त्रिंबका,” ते म्हणाले. “तू हटलास.”